विद्यापीठात जनसंपर्क आणि शासकीय संपर्काचं काम : हे करिअर आहे, हे खरे आहे काय?

सात_अडतीस | १४ मे, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

एका मराठी दैनिकात नऊ वर्षं शिक्षण बीट करतेय. म्हणजे उन्हाळ्यात दहावी-बारावीचे निकाल, पावसात अकरावीचे कटऑफ आणि बारा महिने विद्यापीठ : रखडलेले निकाल, हॉलतिकिटावर दुसऱ्याचाच फोटो, अधिसभेतला (सिनेटमधला) गोंधळ. पीआरओंना (जनसंपर्क अधिकाऱ्यांना) रात्री साडेआठला फोन करून "सर, तुमची बाजू द्या, पान जातंय" म्हणण्यात तारुण्य गेलं म्हणा ना.

मागच्या आठवड्यात एका खासगी विद्यापीठातून फोन आला (नाव नको, मुंबईतलंच आहे). पद आहे 'मॅनेजर, कम्युनिकेशन्स अँड गव्हर्नमेंट रिलेशन्स'. कामाचं वर्णन दोन पानी, इंग्रजीत. पहिल्या पानावर वेबसाइट, सोशल मीडिया, प्रेसनोट, माजी विद्यार्थ्यांचं वार्तापत्र. ते समजतं. दुसऱ्या पानावर मंत्रालय, यूजीसी, महापालिका, पोलीस यांच्याशी 'समन्वय'. हा समन्वय म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते दोनदा विचारूनही कळलं नाही. एचआरच्या मुलीलाही माहीत नसावं.

घरात तीन मतं. नवरा म्हणतो, पगार दीडपट आहे, विचार कसला करतेस. आई म्हणते, "म्हणजे तू त्यांची पत्रं पोचवणार का?" आणि आमचे वृत्तसंपादक म्हणाले, "जा. पण एकदा टेबलाच्या पलीकडे बसलीस की परत या बाजूला कुणी खुर्ची देत नाही." झोप उडालीय ती या तिसऱ्या वाक्याने.

इथे कुणी हे काम केलंय का? हे करिअर आहे, की प्रेसनोट टाइप करणं अधिक लायझनिंग?

फणसपोळी | १४ मे, रात्री ११:४२

वाचतेय. मुलगी बीएएमएमसीच्या (मास मीडियाची पदवी) शेवटच्या वर्षाला आहे, तिलाही असलंच काहीतरी करायचंय म्हणते. वाचनखूण साठवली.

जुना_पीआरओ | १५ मे, सकाळी ७:२५

ताई, त्या साडेआठच्या फोनच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. तुमच्या नाही, पण तुमच्यासारख्यांच्या. एका सरकारी विद्यापीठात अकरा वर्षं जनसंपर्क पाहिला. कुठलं ते विचारू नका.

आधी एक फरक सांगतो. सरकारी विद्यापीठात 'गव्हर्नमेंट रिलेशन्स' नावाची खुर्चीच नसते. ते काम वाटलेलं असतं. शासनाशी पत्रव्यवहार कुलसचिवांचा, अनुदानाचं वित्त व लेखा अधिकाऱ्यांचं, कोर्टाचं विधी विभागाचं. त्यात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे राज्यपाल हेच कुलपती, त्यामुळे राजभवनाचा (आता लोकभवन) पत्रव्यवहार वेगळा. पीआरओ या सगळ्यांच्या मधोमध बसतो. त्याला कळतं सगळं, बोलावतात मात्र आग लागल्यावर. खासगी विद्यापीठाने दोन्ही कामं एका माणसाकडे दिली असतील तर ते शहाणपणाचं आहे असं माझं मत. कारण बातमी आणि फाइल या एकाच म्हशीच्या दोन शिंगांसारख्या असतात. एक धरलं तर दुसरं लागतं.

आता दिवस कसा जातो ते. सकाळी आठच्या आत सगळे पेपर. नऊला कात्रणांची फाइल कुलगुरूंच्या टेबलावर (हल्ली पीडीएफ जाते, पण काम तेच). या कात्रणांत एक मेख आहे. वाईट बातमी सगळ्यात वर ठेवायची, की रक्तदान शिबिराच्या फोटोखाली सरकवायची? मी वर ठेवायचो. पहिल्या कुलगुरूंना आवडायचं नाही. "सकाळी सकाळी हेच का?" म्हणायचे. मग कात्रणांचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिलं. दोन महिन्यांनी एका महाविद्यालयाच्या संलग्नतेचं प्रकरण विधानसभेत निघालं, ते त्यांना थेट टीव्हीवरून कळलं. बातमी तीन आठवडे आमच्याच कात्रणांत चौथ्या पानावर पडून होती. दुसऱ्याच दिवशी काम परत माझ्याकडे. पुढचे कुलगुरू तर फक्त वरचं पान बघायचे आणि म्हणायचे, "आज कोण रागावलंय?"

बाहेर काय सांगायचं हे अर्धं काम. बाहेर काय चाललंय ते आत सांगणं हे उरलेलं अर्धं, आणि पगार खरं तर त्याचा. प्रेसनोट कुणीही टाइप करेल.

आणि एक. जी गोष्ट आपल्या हातात नाही तिची तारीख पत्रकाराला कधी द्यायची नाही. निकाल परीक्षा विभाग लावतो, तारीख आपण जाहीर करतो, ती हुकली की खोटे आपण पडतो. ही तारीख खिशातून काढायला लावणारे आत बरेच भेटतील.

पेपर_अमान्य | १५ मे, दुपारी १:०५

मी एका संशोधन संस्थेत कम्युनिकेशन बघते. शासनाशी संबंध कमी, शास्त्रज्ञांशी जास्त. मंत्रालय परवडलं असं कधीकधी वाटतं.

आमचं काम म्हणजे शोधनिबंध प्रसिद्ध झाला की त्याची बातमी करणं. शास्त्रज्ञाला वाटतं सगळ्या सहलेखकांची नावं आणि सगळे 'परंतु' आत यावेत. पत्रकाराला हवं असतं 'कॅन्सरवर औषध सापडलं'. मधे आम्ही, उंदरावरचा प्रयोग उंदरावरच ठेवण्यासाठी झगडत. ताई, तुम्ही नऊ वर्षं दुसऱ्या बाजूला होतात, हे तुमचं भांडवल आहे. कुठलं वाक्य उचललं जाईल ते तुम्हाला आधीच दिसेल.

मराठीचं सांगते. बहुतेक खासगी संस्थांत प्रेसनोट इंग्रजीत तयार होते आणि एजन्सी भाषांतर करून धाडते. एका ठिकाणी 'चेअर प्रोफेसर'चं 'खुर्ची प्राध्यापक' झालेलं मी स्वतः पाहिलंय. अध्यासन हा शब्द कुणाच्या गावीच नव्हता. त्याहून भारी म्हणजे एजन्सी दिल्लीची होती. हिंदीत व्हाइस चान्सलरला कुलपति म्हणतात आणि चान्सलरला कुलाधिपति. मराठीत कुलपती म्हणजे चान्सलर, आणि व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू. त्यांनी हिंदीवरून मराठी केलं आणि बातमी गेली, 'कुलपतींनी हाती झाडू घेतला'. सरकारी विद्यापीठाचा कार्यक्रम. म्हणजे राज्यपालांनी झाडलं! सकाळी नऊ वाजता खुलासा पाठवायची वेळ आली म्हणतात.

जुना_पीआरओ | १५ मे, दुपारी १:२०

झाडू 😂 ही गोष्ट मी वेगळ्या विद्यापीठाच्या नावाने ऐकलीय. म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा घडली असणार.

सरळ_बोलतो | १५ मे, सायं. ६:४८

सगळे गोड बोलताय म्हणून मी कडू बोलतो. खासगी विद्यापीठाला मंत्रालयात 'रिलेशन्स' कशाला हवेत? फी वाढवायला, जागा वाढवायला, चौकशी दाबायला. साध्या मराठीत याला दलाली म्हणतात. पत्रकार बाईंना घेतात ते त्यांच्या ओळखी विकत घ्यायला. तीन वर्षांत ओळखी संपल्या की बाई घरी.

निळी_शाई | १५ मे, रात्री ९:३०

मंत्रालयात तेहतीस वर्षं काढली, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्यातली काही वर्षं शिक्षणाशी संबंधित होती. सरळ_बोलतो यांचं म्हणणं 'अंशतः खरे आहे'. पुढे वाचलंत की हे शब्द असे का लिहिले ते कळेल.

विद्यापीठाचा आणि शासनाचा संबंध सगळ्यात जवळून येतो तो अधिवेशनात. मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी, नागपूरला हिवाळी. आमदार प्रश्न देतात. तारांकित असेल तर मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न येतात, अतारांकित असेल तर लेखी उत्तर. प्रश्नाची भाषा ठरलेली : '(१) अमुक विद्यापीठाने तमुक केले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरंही ठरलेली : 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. या चार उत्तरांत निम्मं प्रशासन बसतं.

ही माहिती येते कुठून? विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागाच्या कक्षाकडे, तिथून पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाकडे, तिथून विभागीय सहसंचालकांकडे, तिथून विद्यापीठाकडे. आणि त्याच वाटेने परत. कागदावर रीतसर. प्रत्यक्षात संध्याकाळी पाच वाजता ईमेल जाते, 'उद्या सकाळी ११ पर्यंत माहिती सादर करावी'. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना) असेल तर तेवढाही वेळ नसतो. आता विचार करा, त्या वेळी विद्यापीठात फोन उचलणारं कुणी आहे का? बहुतेक ठिकाणी नसायचं. मग मी काय लिहायचो? 'माहिती अप्राप्त.' सभागृहात त्याचा अर्थ होतो 'लपवतायत'.

या कामाची मला किंमत होती ती इथे. एका अभिमत विद्यापीठाच्या एक बाई होत्या. त्या कधी पुष्पगुच्छ घेऊन आल्या नाहीत, मिठाई आणली नाही. विचारलं की दोन तासांत एक पान यायचं. वर शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख, मधे आकडे, खाली सही करणाऱ्याचा मोबाइल. सहपत्रांना पान क्रमांक घातलेले. हे पान क्रमांकाचं लोकांना हास्यास्पद वाटतं. पण उपसचिवांना मी टिप्पणीत 'पृ. ४५/प.वि. पाहावे' (प.वि. म्हणजे फाइलचा पत्रव्यवहाराचा भाग) असं लिहितो, तेव्हा ते पंचेचाळिसावं पान असावं लागतं. बाकीच्यांचे गठ्ठे यायचे, त्यातून माहिती शोधेपर्यंत प्रश्न लागून जायचा.

चुकीची माहिती दिली तर काय? मंत्र्यांनी सभागृहात ती वाचली की हक्कभंगाची सूचना येऊ शकते. आणि उत्साहात 'एका महिन्यात कार्यवाही पूर्ण करू' असं मसुद्यात घातलंत तर ते आश्वासन ठरतं. विधिमंडळाची आश्वासन समिती ते वर्षानुवर्षं विचारत राहते. मंत्री बदलतात, कुलगुरू बदलतात, आश्वासन तिथेच असतं. जुना_पीआरओ तारखेबद्दल म्हणाले ते इथे दुप्पट लागू. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल लांबले, ते आठवा. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली होती, ती टळली, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या दिवसांत कुठल्याही पीआरओने सोन्याच्या शाईने प्रेसनोट लिहिली असती तरी उपयोग नव्हता. मूळ काम झालं नसेल तर जनसंपर्काने भागत नाही.

आता दलालीबद्दल. होते, नाकारत नाही. पाकीट घेऊन फिरणारे 'सल्लागार' आम्हीही पाहिलेत. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे, आणि संस्थेसाठी दिली असेल तर संस्थाही. ताई, मुलाखतीत सरळ विचारा : 'तुमचा बाहेरचा लायझनिंगवाला कुणी आहे का, आणि तो माझ्याखाली असेल की माझ्यावर?' चेहरा बघा.

सरळ_बोलतो | १५ मे, रात्री १०:०२

काका, पान क्रमांकाने जग सुधारत असतं तर अजून काय हवं होतं. पण उत्तर आवडलं. 'अंशतः' मान्य.

डेव्हिसकर | १६ मे, सकाळी ६:१५

इथे कॅलिफोर्नियात हे काम उघड्यावर चालतं, म्हणून लिहितोय. मी विद्यापीठाच्या बजेट ऑफिसात आहे, सरकारी संबंधवाले शेजारच्या मजल्यावर. डेव्हिसपासून राजधानी सॅक्रामेंटो साधारण १५ मैल, त्यामुळे त्यांची पायपीट डोळ्यांसमोर असते.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे १० कॅम्पस, त्यांची सॅक्रामेंटोत राज्य सरकारशी संबंध ठेवणारी कचेरी वेगळी आणि वॉशिंग्टनमध्ये केंद्राशी संबंध ठेवणारी वेगळी. शिवाय प्रत्येक कॅम्पसवर गावाशी संबंध बघणारे लोक : पार्किंग, पार्ट्यांचा गोंगाट, विद्यार्थ्यांमुळे वाढलेली घरभाडी. त्यांचं वर्ष बजेटवर चालतं. १० जानेवारीपर्यंत गव्हर्नर प्रस्ताव मांडतात, मेच्या मध्याला सुधारित आकडे येतात, १५ जूनपर्यंत विधिमंडळाने मंजूर करायचं. तोवर विधेयकं वाचणं, 'हे कलम आलं तर आमच्यावर एवढा खर्च' असं एका पानात लिहिणं, समितीसमोर प्राध्यापकाला साक्षीला नेणं. (पुन्हा तेच एक पान!)

केंद्राच्या पातळीवर १९९५ चा लॉबिंग उघड करण्याचा कायदा आहे. कुणी, कुठल्या विषयावर, किती खर्च करून लॉबिंग केलं ते दर तिमाहीला नोंदवावं लागतं, आणि कुणीही ते पाहू शकतं. करमुक्त विद्यापीठाला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, पण विधेयकाबद्दल मर्यादेत बोलता येतं. भारतात असा कायदाच नाही, त्यामुळे तिकडे प्रामाणिक माणूस आणि पाकीटवाला दोघेही एकाच व्हिजिटिंग कार्डावर फिरतात. सरळ_बोलतो यांचा राग तिथून येतो असं मला वाटतं.

इथेही सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. नोंद झाली म्हणजे पैशाचं वजन कमी होत नाही.

माजी_अधिसभा | १६ मे, दुपारी १२:३०

कधीकाळी नोंदणीकृत पदवीधरांतून अधिसभेवर निवडून गेलो होतो. आमच्या १० जागा. दोन मुद्दे.

पहिला : विद्यापीठाचं 'सरकार' म्हणजे फक्त मंत्री नव्हे. विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. मुंबई आणि कोकण या दोन्ही विभागांना दोन्ही जागा आहेत. या आमदारांचे मतदार म्हणजे तुमचे माजी विद्यार्थी आणि तुमचेच मास्तर. विद्यापीठाचे प्रश्न विचारण्यात ते पुढे असतात, ते काय उगाच? त्यांच्याकडे प्रश्न आल्यावर धावायचं नसतं. वर्षभर माहिती देत राहायची असते, विरोधी बाकावरच्यांनाही. सत्ता फिरते.

दुसरा मुद्दा कडू. पीआरओ लोक आम्हाला नेहमी 'गोंधळ घालणारे' म्हणून रंगवायचे. एकदा मी वसतिगृहाच्या पाण्यावर बोललो, दुसऱ्या दिवशी प्रेसनोट 'अधिसभा उत्साहात संपन्न'. मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. १० रुपये, ३० दिवस. पाण्याच्या टँकरची बिलंच मिळाली. जी बातमी अर्ध्या कॉलमात संपली असती ती चार दिवस चालली. जुना_पीआरओ, तुम्ही नव्हतात ना ते?

जुना_पीआरओ | १६ मे, दुपारी १२:५५

मी नव्हतो. पण 'उत्साहात संपन्न' मी शेकडो वेळा लिहिलंय. माफी असावी.

फणसपोळी | १६ मे, सायं. ५:१०

मुलीसाठी विचारते, शिकायचं कुठे?

पेपर_अमान्य | १६ मे, सायं. ५:३५

'गव्हर्नमेंट रिलेशन्स'ची वेगळी डिग्री शोधत बसू नका. जनसंपर्कासाठी मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन व पत्रकारिता विभाग आहे, कलिनाला गरवारे इन्स्टिट्यूट आहे, झेवियर्सची एक्सआयसी आहे. शासन आतून बघायचं असेल तर मुख्यमंत्री फेलोशिप (वय २१ ते २६) किंवा दिल्लीत खासदाराबरोबर काम करायची पीआरएस या संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप. तिला म्हणावं, यातली एखादी मिळाली तर एमए नंतर कर. आणि एक गोष्ट फुकटची : एका अधिवेशनाची प्रश्नोत्तरं बसून वाच. मराठी, आकडे आणि राजकारण तिन्ही एकाच वेळी कळतं. मी तिशीत वाचली, विशीत वाचायला हवी होती.

निळी_शाई | १६ मे, रात्री ८:१२

शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. आणि टंकलेखन. युनिकोड मराठी दोन्ही हातांनी यायला हवं. रात्री अकराला ऑपरेटर मिळत नाही.

वाशीची_खाडी | १६ मे, रात्री १०:४०

नोकऱ्यांचं सांगतो. परदेशी विद्यापीठांना भारतात कॅम्पस काढायला यूजीसीने २०२३ मध्ये नियम केले. २०२५ च्या जूनमध्ये यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची डिझाइन संस्था अशा पाचांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रं मिळाली. यांना सिडको म्हणजे काय, शासन निर्णय म्हणजे काय, गणपतीत कुठली फाइल हलत नाही, हे सांगणारं माणूस लागणारच. डेव्हिसकर म्हणतात तसलं काम आणि निळी_शाई म्हणतात तसलं काम, दोन्ही भाषांत करणारी माणसं हातावर मोजण्याइतकी. मला तर हे करिअर पुढची वीस वर्षं चालेल असं दिसतंय. अवांतर : आमच्याकडच्या जागांचे भाव आत्ताच वर गेलेत.

सात_अडतीस | २९ मे, रात्री ११:५०

धागा वर काढतेय. मुलाखत झाली. तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत ते प्रिंट काढून लोकलमध्ये वाचत गेले.

तिघे होते. कुलगुरू, कुलसचिव आणि विश्वस्तांपैकी एक गृहस्थ. पहिला अर्धा तास इन्स्टाग्राम. मग मी निळी_शाई काकांचा प्रश्न विचारला. शांतता. कुलसचिवांनी पाण्याचा ग्लास उचलला. विश्वस्त म्हणाले, "आहेत एक जण, जुने आहेत, ते बघतात काही गोष्टी." मी विचारलं, काय गोष्टी? ते म्हणाले, "ते तुम्हाला हळूहळू कळेल." माझं मन तिथेच उठलं होतं.

पण मग कुलगुरू बाई बोलल्या. म्हणाल्या, "मला तुम्ही हव्यात कारण मला बातम्या तिसऱ्या दिवशी कळतात." आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला. मागच्या अधिवेशनातला प्रश्न होता, फीबद्दलचा, आणि विद्यापीठाने पाठवलेलं उत्तर. बारा पानी, इंग्रजी, पहिली दोन पानं संस्थापकांच्या दूरदृष्टीवर. "हे कसं लिहिलं असतंत?" मी तिथेच लिहून दिलं. पहिलं वाक्य 'हे अंशतः खरे आहे' असं होतं. विश्वस्त म्हणाले, "अंशतः कशाला? खरे नाही म्हणा." मी म्हटलं, "फी वाढलीय ना?" कुलसचिव पहिल्यांदा हसले.

दुसरं. त्यांनी सहज विचारलं की अमुक आमदारांच्या कार्यालयाने पदवीच्या मुलांचे मोबाइल नंबर मागितलेत, नवमतदार म्हणून, तर काय कराल? मी म्हटलं, देणार नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा सांगितला आणि म्हटलं, कॅम्पसवर मतदार नोंदणीचा कॅम्प घ्यायला निवडणूक कार्यालयालाच बोलवू, सगळ्या पक्षांसाठी एकच. हे उत्तर बरोबर होतं की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

आज ऑफर लेटर आलं. मी दोन गोष्टी लेखी मागितल्या : मी थेट कुलगुरूंना रिपोर्ट करणार, आणि शासनाकडे जाणारं प्रत्येक पत्र माझ्या टेबलावरून जाणार, त्या 'जुन्यां'चंही. पहिली मिळाली. दुसरीला 'शक्यतो' लावलंय.

सरळ_बोलतो | ३० मे, सकाळी ८:०५

'शक्यतो' म्हणजे नाही. नका जाऊ.

माजी_अधिसभा | ३० मे, सकाळी ९:२०

'शक्यतो' म्हणजे अंशतः 🙂 माझं मत, जा. पण पत्रकार मित्रांचे नंबर कामासाठी वापरू नका आणि जुन्या पेपरला एक्सक्लुझिव्ह देऊ नका. पहिल्या महिन्यात दोन्हीकडून मागणी होईल.

जुना_पीआरओ | ३० मे, सकाळी ९:४५

माझंही मत जा असंच. पण पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, वेळ, कुणी काय सांगायला सांगितलं, तुम्ही काय म्हणालात. माझ्या अशा सात वह्या आहेत. त्यातली एक मला चौकशीत उपयोगी पडली. उरलेल्या सहा पडल्या नाहीत, यात आनंद आहे.

तुमच्या संपादकांच्या वाक्याचं म्हणाल तर ते बरोबर आहेत. परत येता येत नाही. माझ्या जुन्या बीटवरचे मित्र दोन वर्षं मला चहाला बोलवत, पण मी आलो की विषय बदलत. त्याचं वाईट वाटलं. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगितलं.

सात_अडतीस | ८ जुलै, रात्री १०:३५

पुढे काय झालं ते काहींनी विचारलंत, म्हणून लिहितेय. १६ जूनला रुजू झाले. पहिले दोन आठवडे लॅपटॉप नव्हता. कात्रणं सुरू केली, वाईट बातमी वर. 'जुन्यां'ना एकदा भेटले, फार गोड बोलतात. त्यांनी पाठवलेली तीन पत्रं मला नंतर कळली, ती वहीत लिहिली.

आणि काल संध्याकाळी ४:५२ ला विभागाची ईमेल. पावसाळी अधिवेशन, तारांकित, वसतिगृह आणि अग्निसुरक्षा प्रमाणपत्र. आज सकाळी ११ ची मुदत. फायर एनओसीची मूळ प्रत इमारत विभागात, चावी ज्यांच्याकडे ते रजेवर, अंबरनाथला. रात्री साडेनऊला त्यांच्या मुलाने चावी घेऊन लोकल पकडली. एक पान आणि नऊ सहपत्रं केली. एका इमारतीचं नूतनीकरण बाकी आहे, तेही लिहिलं. कुणीतरी मसुद्यात 'महिनाभरात' घातलं होतं, ते मी काढलं आणि त्यावरून रात्री बारा वाजता विश्वस्तांशी पंधरा मिनिटं वाद झाला. कुलगुरूंनी माझाच मसुदा सही केला.

सकाळी मेट्रोने विधान भवन स्टेशनला उतरून स्वतः नेऊन दिलं, ईमेल केली होती तरी. कक्ष अधिकारी बाईंनी वर बघितलंही नाही, फक्त "ठेवा" म्हणाल्या.

निळी_शाई | ८ जुलै, रात्री १०:५१

सहपत्रांना पान क्रमांक?

सात_अडतीस | ८ जुलै, रात्री १०:५३

१ ते २७. हाताने, निळ्या पेनने.